दोनशे चौदावी खेळी

रात्री साडेअकराला उद्यमनगरातली शेवटची लेथ गप्प होते
आणि माझं जहाज सुटतं.

खोली दहा बाय बारा. पंखा दोनवर.
दिवसभर कास्टिंगची बिलं मारलेली बोटं
आता गंधक, लोखंड, हेलियम मोजतात.

आठ ग्रह घेतलेत आजवर.
खेळ आपोआप नावं देतो, आकडे आणि अक्षरं.
ती पुसून मी आपली घातलीत:
टेंबलाईवर वर्ष अडीच दिवसांचं,
फुलेवाडीला आम्लाचा पाऊस,
कावळा नाका नुसता वायूचा गोळा,
कावळा टेकेल एवढीही जमीन नाही.
शाहूपुरीत मात्र पोलाद निघतं, भरपूर,
आणि पार्किंगचा प्रश्न नाही.

नववा आज दिसला.
कडेला हिरवं वर्तुळ, आत चार ओळी:
हवा विरळ.
जमीन मध्यम.
खनिज उत्तम.
मूळ रहिवासी: नाहीत.

हा 'नाहीत' मला आवडायचा.
त्याच्या खालीच बटण असतं.

आबा मोरीकडे जायला उठलेले, गुडघा धरून.
येताना माझ्या मागं थांबले.
'काय गं हे?'
'वसाहत.'

हा शब्द त्यांना समजवावा लागत नाही.
आमच्या रेशन कार्डावर तो गावाच्या जागी आहे:
धरणग्रस्त वसाहत, प्लॉट एक्केचाळीस.

खाटेच्या कडेला बसले. चष्मा नव्हता.
'किती माणसं न्हेतीस?'
'एक लाख. एका जहाजात.'
'आन गुरं?'
'गुरं नसतात ह्यात.'
'घमेलंभर शेण तरी?'
मला हसू आलं.
'पाणी?'
'पाच खेळ्यांत येतं. यंत्र बसवलं की.'
त्यांनी मान हलवली,
सरकारी माणसाचं ऐकताना हलवतात तशी.
मग म्हणाले,
'मसणवट कुठं धरलीया?'

यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.
खाण, बंदर, प्रयोगशाळा, छावणी.
ह्या खेळात माणसं फक्त वाढतात.
दर खेळीला आकडा थोडा पुढं सरकतो,
मागं आलाच तर कारण लिहून येतं: उपासमार, हल्ला.
म्हातारं होऊन कुणी जात नाही.

'आमाला साळंच्या आधी ती लागली,' आबा म्हणाले.
'तिसऱ्या म्हैन्यात आक्की गेली.
शेजारचं गाव म्हणलं, आमच्यात नगं.
मग ट्रॅक्टरात घातली. रातभर उलटं गेलो, वर.
पाणी तवर चिंचंच्या बुडात आलं हुतं.
काठाला जागा गावली, पाच हात.
पुढच्या पावसाळ्यात तीबी गेली.'

एवढंच.
मोरीतला नळ ठिबकत होता, तो आवळून आले
आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

पडद्यावर जहाज ताटकळत होतं,
एक लाख माणसं, एक शब्द न बोलता.

बटण दाबलं. दाबलंच.
खोटं कशाला सांगू, खनिज हवं होतं मला.

नाव विचारलं. मी टाईप केलं: उंबरघोल.
चाक क्षणभर फिरलं,
मग उत्तर आलं:
हे नाव उपलब्ध आहे.

सोळा भूखंड मिळाले. पंधरांवर कामं लावली.
सोळाव्याच्या अंगानं नदीसारखं काहीतरी जातं,
तो तसाच ठेवलाय.
दर खेळीला लाल पट्टी येते:
रिकामा भूखंड. बांधकाम निवडा.
मी 'नंतर' दाबते.

सकाळी मी डबा भरत होते. आबा चपला शोधत होते.
'पाणी आलं का तिथं?'
झाकण बसायला जरा वेळ लागला.
'अजून न्हाई.'
'बरं हाय मग,' म्हणाले.